'मिसेस डॅलोवे' पहिल्यांदा वाचणार आहात? मग आधी हे वाचा

इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वूल्फची 'मिसेस डॅलोवे' ही कादंबरी जेमतेम दोनशे पानांची आहे. 'दोन बैठकांत उरकू' म्हणून लोक ती उचलतात आणि पंचवीस-तीस पानांनंतर 'आता हा कोण उपटला?' असं म्हणत खाली ठेवतात. वाचनगटांत ही कादंबरी घेतली की मंडळी नेमकी कुठे अडकतात ते मी पाहत आले आहे. अडकण्याच्या जागा ठरलेल्या आहेत आणि इंग्रजी कच्चं असण्याशी त्यांचा फारसा संबंध नाही. ज्यांनी आयुष्यभर इंग्रजी पुस्तकं वाचली, तेही इथे गोंधळतात.

खरी अडचण अशी की आपण कथानक शोधत बसतो आणि हे पुस्तक आपल्याला माणसांच्या डोक्यांतून फिरवत असतं. त्यात 'युद्धावरची कादंबरी' असं कुणी सांगितलेलं असेल तर आपण खंदकांची वाट पाहतो. खंदक येत नाहीत. येतात फुलं, हातमोजे, टोप्या, आणि मधूनच तुटलेली माणसं. युद्ध संपल्यावर ते साध्या माणसांच्या घरात कुठे जाऊन बसतं, हे पाहायला शिकलात की पुस्तक उघडतं.

एक सूचना: या लेखात शेवटापर्यंतच्या घटना सांगितल्या आहेत. त्याने काही बिघडत नाही, उलट मदतच होते. का, ते दुसऱ्या पायरीत येईल.

सोबत काय हवं

- पुस्तक. मूळ इंग्रजी झेपत असेल तर तेच घ्या. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर ते मोफत आणि कायदेशीर मिळतं. छापील घेणार असाल तर मागे टिपा असलेली आवृत्ती बघा.
- दोन रंगांच्या पेन्सिली. या सक्तीच्या समजा. ई-पुस्तक असेल तर दोन रंगांत खुणा करण्याची सोय वापरा.
- मध्य लंडनचा साधा नकाशा. फोनवरचा चालेल.
- पात्रांसाठी एक कोरा कागद. तयार यादी इंटरनेटवरून उतरवू नका, स्वतः करत जा. नावं लक्षात राहतात ती लिहिताना.
- सलग तासभर मिळेल अशा चार-पाच बैठका. बसच्या रांगेत दोन-दोन पानं वाचण्याचं हे पुस्तक नाही.

१. चार तारखा डोक्यात बसवा

पहिलं महायुद्ध १९१४ ला सुरू झालं. ११ नोव्हेंबर १९१८ ला युद्धविराम झाला. कादंबरी घडते जून १९२३ मधल्या एका बुधवारी, लंडनमध्ये, सकाळपासून रात्रीपर्यंत. आणि पुस्तक बाहेर आलं १४ मे १९२५ ला, वूल्फ आणि तिचा नवरा लेनर्ड यांच्याच होगार्थ प्रेसमधून. मुखपृष्ठ बहिणीनं, व्हनेसा बेलनं केलेलं.

म्हणजे पात्रांच्या दृष्टीनं युद्ध संपून साडेचार वर्षं झालीत. हा काळ मोठा अडचणीचा असतो. ज्यांचं काही गेलं नाही ते विसरायला लागलेले असतात, आणि ज्यांचं गेलंय त्यांच्याकडून 'आता पुरे' अशी अपेक्षा सुरू झालेली असते. पुस्तकातला सगळा ताण या दोन गटांमधला आहे.

याच्या जोडीला आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाची साथ आली होती. क्लॅरिसा डॅलोवेचं हृदय इन्फ्लुएंझानं कमजोर झाल्याचा उल्लेख पहिल्याच पानांत ओझरता येऊन जातो. ती पांढुरकी पडलीय, माडीवरच्या अरुंद पलंगावर एकटी झोपते, पार्टीआधी नवरा तिला आराम करायला लावतो, हे सगळं त्या उल्लेखाशी जोडून वाचा. नाहीतर ती नुसती नखरेल श्रीमंत बाई वाटत राहते.

२. गोष्ट आधीच माहीत करून घ्या

क्लॅरिसा डॅलोवे, वय बावन्नच्या आसपास, संसद सदस्याची बायको, वेस्टमिन्स्टरला राहते. आज रात्री तिच्याकडे पार्टी आहे. सकाळी ती फुलं आणायला स्वतः बाहेर पडते. तिचा जुना प्रियकर पीटर वॉल्श हिंदुस्थानातून पाच वर्षांनी परतलाय, तो अचानक भेटायला येतो. नवरा रिचर्ड बाहेर जेवायला जातो, येताना तिच्यासाठी गुलाब आणतो. मुलगी एलिझाबेथ आपल्या शिकवणीच्या बाईंबरोबर, मिस किल्मनबरोबर, खरेदीला जाते. रात्री पार्टी होते.

याला समांतर दुसरी गोष्ट. सेप्टिमस वॉरन स्मिथ, तिशीचा कारकून, लढाईवरून परतलेला. मेलेला मित्र एव्हन्स त्याला दिसतो, पक्षी त्याच्याशी ग्रीकमध्ये बोलतात. त्याची इटालियन बायको रेझिया त्याला आधी एका आणि मग दुसऱ्या डॉक्टरकडे नेते. संध्याकाळी तो खिडकीतून उडी मारतो.

क्लॅरिसा आणि सेप्टिमस एकमेकांना कधीच भेटत नाहीत. तिच्या पार्टीत कुणीतरी त्याच्या मरणाची बातमी सहज बोलता बोलता सांगतं, इतकाच दोघांचा संबंध.

झाली गोष्ट. आता 'पुढे काय होणार' हा प्रश्न संपला, म्हणून तुम्ही 'हे आत्ता कुणाला कसं दिसतंय' याकडे मोकळ्या मनानं बघू शकता. वूल्फनं नंतर एका प्रस्तावनेत लिहिलं आहे की पहिल्या आराखड्यात सेप्टिमस नव्हताच. पार्टीच्या शेवटी क्लॅरिसाच मरणार होती. हे कळलं की दोन्ही गोष्टी एका पुस्तकात का, हा प्रश्न बराचसा सुटतो.

३. प्रत्येक परिच्छेदाला विचारा: आत्ता कोणाच्या डोक्यात आहोत?

सगळ्यांत जास्त वेळ या पायरीला द्या. बाकी काही नाही केलंत तरी चालेल.

संज्ञाप्रवाह, म्हणजे मनात येतील तसे विचार मांडत जाणारं लेखन, हा शब्द मराठी वाचकाला नवा नाही. पण इथे एकाच माणसाचा प्रवाह नसतो. निवेदन एका डोक्यातून दुसऱ्यात जातं, आणि जाताना दार वाजवत नाही. प्रकरणं नाहीत, 'इकडे सेप्टिमस विचार करत होता' अशी सूचना नाही. हा खो-खो आहे. जो धावत होता तो बसतो, आणि खो मिळालेला उठून पळायला लागतो. आपलं लक्ष पहिल्यावरच असेल तर खेळ कळत नाही.

खो कुठे दिला जातो? बहुतेकदा बाहेरच्या एखाद्या आवाजावर किंवा दृश्यावर. पहिला मोठा खो बाँड स्ट्रीटवर आहे. क्लॅरिसा फुलांच्या दुकानात आहे. बाहेर मोटारीचा फटाक्यासारखा आवाज होतो. ती दचकते, तिला तो पिस्तुलाचा बार वाटतो. दुकानातल्या मिस पिम खिडकीशी जाऊन बघतात आणि मोटारी म्हणजे जणू आपलाच अपराध असल्यासारख्या ओशाळवाण्या हसत परत येतात. त्याच आवाजानं रस्त्यावरचा सेप्टिमस जागच्या जागी थिजतो. रस्ता अडलाय तो आपल्यामुळेच, असं त्याला वाटतं. तिकडे गर्दीला एकच उत्सुकता, गाडीत कोण आहे? राणी? युवराज? पंतप्रधान?

आवाज एकच आहे. दुकानदारणीला त्याची लाज वाटते, क्लॅरिसा क्षणभर घाबरते, गर्दीची करमणूक होते, आणि लढाईवरून आलेल्याला तो जगाचा शेवट वाटतो. कादंबरीची सगळी पद्धत या दोन-तीन पानांत आहे. ती दोनदा वाचा आणि मगच पुढे जा.

लगेच दुसरा खो येतो, विमानाचा. विमान आकाशात धुरानं जाहिरात लिहितंय. राजवाड्यापाशी उभ्या लोकांतलं कुणी 'ग्लॅक्सो' वाचतं, कुणी 'क्रीमो', कुणी 'टॉफी'. रीजंट्स पार्कमध्ये बाकावर बसलेल्या सेप्टिमसला वाटतं, ते आपल्यालाच काही सांगतायत, आणि त्या सौंदर्यानं त्याचे डोळे भरून येतात. त्या वाक्यांशी थांबलात तर आणखी एक गोष्ट लक्षात येईल. १९१७ मध्ये याच शहरावर जर्मन विमानांनी बाँब टाकले होते. सहा वर्षांत तोच आवाज गोळ्या-बिस्किटांच्या जाहिरातीचा झाला. वूल्फ हे कुठेही सांगत नाही.

करायचं काय, तर डोकं बदललं की समासात नव्या माणसाचं पहिलं अक्षर लिहा. क्लॅ, पी, से, रे. पहिली साठ पानं इतकं केलंत की पुढे पेन्सिलीची गरज उरत नाही, डोळ्यांना सवय होते.

*सापळा:* बागेत, रस्त्यावर, राजवाड्यापाशी ढीगभर माणसं दोन-चार ओळींपुरती येतात. एडिनबरोहून नवी आलेली मेसी जॉन्सन, खारींना पावाचे तुकडे घालणाऱ्या मिसेस डेम्स्टर. ही सगळी कागदावर उतरवू नका. ती परत येत नाहीत. पण घाईनं ओलांडूही नका, कारण सेप्टिमस आणि रेझिया बाहेरून कसे दिसतात हे त्यांच्याच नजरेतून कळतं. मेसीला हे जोडपं विचित्र वाटतं, आपण लंडनला आलो हेच चुकलं असं वाटून ती हबकते.

*दुसरा सापळा:* भूतकाळ. क्लॅरिसाच्या तरुणपणीचं बॉर्टन नावाचं घर, तिथली सॅली सेटन, पीटरला दिलेला नकार. सगळं कधीही, वाक्याच्या मध्यात सुरू होतं. पहिल्याच पानावर बिजागऱ्यांचा कुरकुर आवाज तिला बॉर्टनला नेतो. 'आता कुठे आहोत?' असं वाटलं की क्रियापदाकडे बघू नका, जागेच्या नावाकडे बघा. बॉर्टन असेल तर तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचं. लंडनचा रस्ता असेल तर आज.

४. घड्याळ आणि नकाशा

ही पायरी सोपी आहे. बिग बेनचे टोल पुस्तकभर पडत राहतात आणि तेच तुमचे मैलाचे दगड. लिहिताना वूल्फनं पुस्तकाचं नाव 'द अवर्स' ठरवलं होतं, यावरून काय ते समजा. पीटर क्लॅरिसाच्या घरून निघतो तेव्हा साडेअकरा. सेप्टिमसची मोठ्या डॉक्टरकडची वेळ बाराची. रिचर्ड गुलाब घेऊन घरी पोचतो तेव्हा तीन. सेप्टिमसचा शेवट सहाच्या सुमारास.

नकाशावर क्लॅरिसाची सकाळची वाट बोटानं फिरून बघा. व्हिक्टोरिया स्ट्रीट, सेंट जेम्स पार्क, पिकॅडिली, बाँड स्ट्रीट. पिकॅडिलीला हॅचर्ड्स या पुस्तकांच्या दुकानाच्या काचेत उघडं ठेवलेलं पुस्तक तिला दिसतं. शेक्सपिअरच्या 'सिंबेलिन'मधलं शोकगीत. आता उन्हाची काहिली सोसायची नाही, भिऊ नकोस, असं मेलेल्या माणसाला सांगणारं. त्या ओळीखाली रेघ मारा. ती क्लॅरिसाच्या मनात परत येते, सेप्टिमसच्याही मनात येते. दोघं भेटत नाहीत, ओळ भेटते.

दृश्य बदलताना मधे रिकामी ओळ सोडलेली असते. ती पान संपतं तिथे आली तर दिसतच नाही, आणि सगळ्या आवृत्त्यांत त्या जागा सारख्याही नाहीत. ई-पुस्तकात तर हमखास गडबड होते. एकदम धागा सुटला तर दोष स्वतःला देण्याआधी वरचं पान उलटून बघा.

५. युद्ध शोधा, पण पोटवाक्यात

आता दुसऱ्या रंगाची पेन्सिल काढा. जिथे जिथे लढाईचा उल्लेख येईल तिथे खूण करा. सेप्टिमस सोडून बाकीच्यांच्या पानांत. मग खुणा बघा, त्या जवळजवळ कधीच मुख्य वाक्यात नसतात.

सुरुवातीलाच क्लॅरिसा मनाशी म्हणते, युद्ध संपलं. आणि त्याच दमात अपवाद सांगते. काल रात्री वकिलातीत भेटलेल्या मिसेस फॉक्सक्रॉफ्ट झुरतायत, कारण तो गोड मुलगा गेला आणि आता जुना वाडा चुलतभावाकडे जाणार. लेडी बेक्सबरोनी तर म्हणे लाडका मुलगा जॉन गेल्याची तार हातात धरून बाजाराचं उद्घाटन केलं. पण संपलं, देवाची कृपा, संपलं. जून महिना होता. हे सगळं एका लांबलचक वाक्यात. 'संपलं' म्हणताना दोन मेलेली मुलं मोजली गेली, आणि वाक्य पुन्हा उन्हात आलं.

थोडं पुढे हातमोज्यांचं दुकान येतं. युद्धाआधी इथे जवळपास निर्दोष हातमोजे मिळायचे, हे तिला आठवतं. बाईची पारख चपलांवरून आणि हातमोज्यांवरून होते, असं तिचे विल्यम काका म्हणायचे. युद्धाच्या मध्यात एका सकाळी ते बिछान्यात कुशीवर वळले आणि म्हणाले, आता पुरे झालं. आणि गेले. क्लॅरिसा लगेच परत हातमोज्यांकडे वळते. वाचकही वळतो, कारण वाक्य वळतं. पेन्सिल हातात असेल तरच तुम्ही थांबता.

आणखी काही जागा देते, बाकीच्या तुम्ही शोधा.

व्हाइटहॉलला पीटरच्या बाजूनं गणवेशातली सोळा-सोळा वर्षांची पोरं बंदुका घेऊन कूच करत जातात. रिकाम्या थडग्याला, म्हणजे सेनोटॅफला, त्यांनी हार वाहिलाय. ते स्मारक १९२० मधलं. एक पिढी गेली, तिच्या स्मारकापुढे दुसरी पाय आपटायला शिकतेय. पीटरला त्यांचं कौतुक वाटतं आणि तो काही पावलं त्यांच्याबरोबर चालायला बघतो, पण त्यांचा वेग त्याला झेपत नाही.

मिस किल्मन इतिहासाच्या शिक्षिका. युद्धात शाळेनं त्यांना काढून टाकलं, कारण जर्मन झाडून सगळे राक्षस आहेत असं म्हणायला त्या तयार नव्हत्या. घराणं मूळचं जर्मन, आयुष्यातले सुखाचे दिवस जर्मनीत गेलेले, आणि सख्खा भाऊ मात्र त्याच लढाईत मेलेला. क्लॅरिसा त्यांचा द्वेष करते, आणि वूल्फनंही त्यांना हिरवा जुनाट मॅकिंटॉश (रेनकोट) घालून घामट, चिडकी, भुकेली रंगवलंय. बरेच वाचक क्लॅरिसाच्या बाजूनं हसतात. मला हा पुस्तकातला सगळ्यांत कठोर भाग वाटतो. युद्धात खरं बोलल्याबद्दल जिची नोकरी गेली, तीच आता कुणालाही नकोशी. तिची चहा पिण्याची, एक्लेअर खाण्याची पानं वाचताना काढून टाकल्याची ती ओळ विसरू नका.

आणि मिस्टर ब्रूअर, सेप्टिमसचा वरिष्ठ. युद्धानं त्याचं काय नुकसान केलं? प्लास्टरचा पुतळा फुटला, जिरेनियमच्या वाफ्यात खड्डा पडला आणि स्वयंपाकिणीच्या मनावर परिणाम झाला. वूल्फ थट्टा करते ती अशी, तोंडावरची रेषही न हलवता.

महायुद्धाच्या काळात कत्तल झालेल्या आर्मेनियन लोकांचा उल्लेखही चुकवू नका. रिचर्ड त्यांच्यासंबंधीच्या समितीला जातोय. क्लॅरिसा कोचावर पडून विचार करते की आपल्याला आपले गुलाब जास्त प्रिय आहेत. आणि ते आर्मेनियन की अल्बानियन, हेही तिला नक्की आठवत नाही. ज्यांना क्लॅरिसा फार आवडायला लागलीय त्यांनी ही ओळ पुन्हा वाचावी. ज्यांना ती अजिबात आवडत नाही त्यांनीही, कारण वूल्फ तिला सोडत नाही तशी नुसती झोडपतही नाही.

६. सेप्टिमसची पानं सावकाश वाचा

ही पानं दमवतात. एका बैठकीत सगळी वाचू नका.

आधी त्याची पार्श्वभूमी देणारी पानं नीट घ्या. ती पुस्तकाच्या साधारण मध्याआधी येतात. गावातून पळून लंडनला आलेला, कविता करणारा पोरगा. शेक्सपिअर शिकवणाऱ्या मिस इझाबेल पोलच्या प्रेमात. सैन्यात नाव घालणाऱ्या पहिल्या लोकांतला. कशासाठी? त्याचा इंग्लंड म्हणजे शेक्सपिअरची नाटकं आणि हिरव्या पोशाखातली मिस पोल, त्यासाठी. लढाईत बढती मिळते, एव्हन्सशी मैत्री होते, आणि युद्धविरामाच्या अगदी तोंडावर इटलीत एव्हन्स मरतो. त्या वेळी आपल्याला फारसं काही वाटलं नाही याबद्दल सेप्टिमस स्वतःची पाठ थोपटतो. मग मिलानमध्ये एका संध्याकाळी त्याच्या लक्षात येतं की आता काहीच वाटत नाही. त्या भीतीपोटी तो रेझियाला मागणी घालतो. हा क्रम मनात पक्का असेल तर पक्ष्यांची ग्रीक बडबड नुसतं वेड राहत नाही.

डॉक्टर दोन आहेत, त्यांची गल्लत करू नका. डॉक्टर होम्स साधा, गलेलठ्ठ, खुशालचेंडू: तुम्हाला काहीही झालेलं नाही, छंद लावून घ्या, लापशी खा. सर विल्यम ब्रॅडशॉ हार्ली स्ट्रीटचा बडा तज्ज्ञ, रोग्याला पाऊण तास देणारा. तो वेड हा शब्द वापरत नाही. 'प्रमाणाचं भान' सुटलंय म्हणतो. उपाय म्हणजे बायकोपासून दूर खेड्यातल्या त्याच्या संस्थेत बिछान्यावर पडून राहायचं. मित्र नाहीत, पुस्तकं नाहीत, निरोप नाहीत, वजन वाढवायचं. वूल्फच्या स्वतःच्या आजारपणांत तिला अशाच सक्तीच्या विश्रांतीतून जावं लागलं होतं. ब्रॅडशॉच्या पानांत तिचा आवाज एकदम चढतो, विडंबन उघडं होतं. काही समीक्षकांना तो तोल जाणं वाटतं. मला नाही वाटत. संपूर्ण पुस्तकात एवढ्याच जागी तिनं हात राखलेला नाही.

काळाचा संदर्भ हवा असेल तर, 'शेल शॉक', म्हणजे लढाईच्या धक्क्यानं येणारा मानसिक आजार, हा शब्द १९१५ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आला आणि १९२२ मध्ये ब्रिटिश युद्ध खात्याच्या समितीनं त्यावर अहवाल काढला. म्हणजे कादंबरी लिहिली जात असताना ही ताजी, सरकारी चर्चा होती.

आणि मग टोपीची पानं. ती चुकवलीत तर शेवट नुसता दुःखद राहील. दुपारी उशिरा, भाड्याच्या खोलीत रेझिया शेजारणीच्या लेकीसाठी टोपी शिवतेय. सेप्टिमस बघतो आणि म्हणतो, ही तर तिला फार लहान होईल, माकडवाल्याच्या माकडाला शोभेल. रेझिया हसते. कित्येक आठवड्यांत दोघं असे हसले नव्हते. तो फिती आणि कृत्रिम फुलं निवडून रंग जुळवतो, ती ते टाके घालून पक्कं करते. त्या काही मिनिटांत तो पूर्ण शुद्धीवर आहे. मग जिन्यावर होम्सची पावलं वाजतात. सेप्टिमसला मरायचं नसतं. जगणं चांगलं आहे, ऊन आहे, असं तो खिडकीत बसून म्हणतो. त्यानंतर तो उडी मारतो, आणि दारातून आत आलेला होम्स ओरडतो: भित्रा!

इथे थांबा. पुढचा खो लगेच आहे आणि तो क्रूर आहे. रस्त्यानं चाललेल्या पीटरला रुग्णवाहिकेची घंटा ऐकू येते. आत कोण आहे त्याला ठाऊक नाही. हिंदुस्थानातून आलेल्या त्या माणसाला ती ऐकून वाटतं, हा संस्कृतीचा एक विजयच म्हणायचा. किती चोख, किती माणुसकीची व्यवस्था!

७. पीटरवर किती विश्वास ठेवायचा

अर्धा. तो हुशार आहे, क्लॅरिसाबद्दल बोचरं खरं बोलतो, पण खिशातला चाकू उघडबंद करत स्वतःला फसवत असतो. क्लॅरिसाबद्दल काहीही ठरवण्याआधी ते पीटर म्हणतोय की तिच्या स्वतःच्या पानांतून कळतंय, हे तपासा. समासातली अक्षरं इथे कामी येतात.

८. पार्टी: एका बैठकीत वाचा

शेवटची पंचवीस-तीस पानं तोडू नका. नावांचा पूर येतो, येऊ द्या. तुमच्या कागदावरची जवळजवळ सगळी मंडळी इथे हजर होतात, सॅली सेटनसुद्धा, आता लेडी रॉसिटर आणि पाच मुलग्यांची आई.

ब्रॅडशॉ पतिपत्नी उशिरा येतात. सर विल्यम रिचर्डला बाजूला घेऊन एका विधेयकाबद्दल बोलतो. शेल शॉकचे उशिरा दिसणारे परिणाम, त्यासाठी विधेयकात काही तरतूद हवी. लेडी ब्रॅडशॉ क्लॅरिसाला उशीर का झाला ते सांगते: निघताना फोन आला, एका तरुणानं जीव दिला, सैन्यात होता. सकाळी ज्याला आपण बाकावर पाहिलं तो रात्री एका खुलाशात आणि एका तरतुदीत बसवला गेला.

क्लॅरिसाचा पहिला विचार रागाचा असतो: माझ्या पार्टीत मरणाचा विषय कशाला? मग ती शेजारच्या रिकाम्या खोलीत एकटी जाते. तिथे ती जे विचार करते, त्यावर वाचकांचं कधी एकमत होत नाही. तिला त्या अनोळखी तरुणाशी जवळीक वाटते. त्यानं ते केलं याचं बरंही वाटतं. काहींना ही खरी सहवेदना वाटते. काहींना वाटतं, श्रीमंत बाईनं एका गरिबाचं मरण स्वतःच्या उत्कटतेसाठी वापरलं. आपलं मत ठरवण्याआधी पाचव्या पायरीतल्या खुणा एकदा चाळा. लेडी बेक्सबरोची तार, हातमोजे, आर्मेनियन. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं, पण प्रत्येक वाचनात थोडं कमी.

*सापळा:* दोघांना एकच समजणं. 'सेप्टिमस म्हणजे क्लॅरिसाची सावली' हे वाक्य अभ्यासाच्या टिपणांत हमखास सापडतं. तसं म्हटलं की रेझिया गायब होते. मिलानची टोप्या करणारी मुलगी, परक्या शहरात, भाषा परकी, आणि नवऱ्याच्या वेडाची लाज लपवत फिरणारी. तिचं पुढे काय होतं हे पुस्तक सांगत नाही.

९. यानंतर काय वाचायचं

लगेच दुसरं वाचन नको. महिनाभर जाऊ द्या, मग फक्त सुरुवातीची साठ पानं पुन्हा वाचा.

वूल्फचंच पुढे वाचायचं तर आधी 'टू द लाइटहाउस' (१९२७) घ्या. त्याच्या मधल्या भागात दहा वर्षं रिकाम्या घरावरून जातात, आणि अँड्र्यू रॅम्झी नावाचा मुलगा फ्रान्समध्ये तोफगोळ्यानं मरतो ती बातमी कंसातल्या एका वाक्यात येते. पोटवाक्यांतलं युद्ध शोधायची सवय झालेली असेल तर त्या कंसाशी तुम्ही आपोआप थांबाल. 'जेकब्स रूम' (१९२२) त्याच्या आधीचं आणि जास्त तुटक. ते शेवटी ठेवा.